एका अंकाचा खेळ

'खेळ' हा मराठीतला मोठा ऐसपैस शब्द आहे. लगोरी हा खेळ आणि बुद्धिबळ हाही खेळच. जत्रेत बाहुल्यांचा खेळ होई, तंबूत सिनेमाचा खेळ लागे. म्हणजे आपण स्वतः खेळतो ते आणि दुसऱ्याने मांडलेले आपण पाहतो ते, या दोहोंना आपल्या भाषेने एकाच शब्दात सामावून घेतले आहे. संगणकावरील गेम हा या दोन्ही अर्थांनी खेळ आहे. कोणीतरी तो मांडलेला असतो आणि दुसरा कोणी तो खेळत असतो. असे असूनही कला शाखेच्या विद्यार्थिनीने 'मी गेम तयार करते' असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या कपाळाला हमखास आठी पडते. काहींना अभ्यास बुडवणारे पोर आठवते, काहींना जुगार आठवतो. यांपैकी दुसरी शंका आता कायद्यानेच फेडली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि बाकीच्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. पहिल्या शंकेचे निरसन ज्याचे त्याने करावे.

प्रस्तुत लेख गेम खेळणाऱ्यांविषयी नाही, रचणाऱ्यांविषयी आहे. त्यातही ज्याच्यामागे कंपनी नाही, भांडवल नाही, अशा स्वतंत्र रचनाकाराविषयी आहे. असा रचनाकार जगापुढे प्रथम येतो तो बहुधा डेमो-स्पर्धेच्या दाराने. हे दार कसे असते, आत शिरताना काय न्यावे लागते आणि बाहेर येताना हाती काय राहते, ते माझ्या अल्प अनुभवाच्या आधारे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

वानगी आणि एकांकिका

डेमो या शब्दाला आपल्याकडे 'वानगी' हा चांगला शब्द आहे. दुकानदार गूळ विकण्यापूर्वी बोटभर खडा हातावर ठेवतो, तशी पूर्ण गेम घेण्यापूर्वी चाखून पाहण्यासाठी दिलेली वानगी म्हणजे डेमो. या पद्धतीचे नाव घेण्याजोगे उदाहरण म्हणजे 'डूम' ही अमेरिकन गेम. डिसेंबर १९९३ मध्ये तिच्या कर्त्यांनी तीन भागांपैकी पहिला भाग लोकांना चक्क फुकट वाटला आणि उरलेल्या दोन भागांसाठी पैसे मागितले. लोकांनी ते आनंदाने दिले. पहिला भाग हा अर्धवट कापलेला तुकडा नव्हता, हे त्याचे एक कारण. त्याला आरंभ होता, चढण होती आणि शेवटही होता.

मला येथे महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. वानगी हा शब्द सोयीचा असला तरी स्पर्धेतल्या डेमोला तो पुरा पडत नाही. गुळाचा खडा हा ढेपेचाच अंश असतो. खडा गोड तर ढेप गोड. डेमोचे तसे नाही. मोठ्या गेमची पहिली दहा मिनिटे कापून दिली, तर खेळणाऱ्याला बहुधा केवळ ओळखपाळख मिळते: हे पात्र, हे गाव, ही कळ दाबली की उडी. नाटकाच्या पहिल्या प्रवेशावर कोणी नाटकाची किंमत करू लागले तर नाटककार काय म्हणेल?

आपल्या महाविद्यालयीन जगात याला एक जवळचा दाखला आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. तिच्या रंगमंचावर तीन अंकी नाटकाचा पहिला अंक कोणी सादर करीत नाही. तेथे एकांकिका लागते. एकांकिकेत वेळ थोडा, पात्रे मोजकी, नेपथ्य हाताने उचलता येईल इतके. पण पडदा पडतो तेव्हा एक गोष्ट पुरी झालेली असते. स्पर्धेतला डेमो ही गेमची एकांकिका आहे. मोठ्या कृतीतून एकच धागा काढायचा आणि तो शेवटपर्यंत विणायचा, हे त्याचे मर्म. ज्याला हे उमगले त्याचे निम्मे काम झाले असे मी समजते.

स्पर्धांचे तीन प्रकार

डेमो जेथे स्वीकारले जातात अशा स्पर्धांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार मुदतीच्या स्पर्धांचा. यांना 'गेम जॅम' म्हणतात. विषय ऐन वेळी जाहीर होतो आणि ठरावीक तासांत गेम रचून द्यायची असते. २००२ साली सुरू झालेल्या 'लुडम डेअर'ने ही रीत रुजवली. तिच्या एकट्याने उतरायच्या गटात ४८ तास मिळत आणि चित्रे, संगीत, आज्ञावली सारे स्वतःच करावे लागे. गंमत अशी, की गुण देणारे परीक्षक म्हणजे स्पर्धकच. आपली गेम इतरांनी पाहावी असे वाटत असेल तर आपणही इतरांच्या खेळून गुण द्यायचे. २००९ च्या जानेवारीत 'ग्लोबल गेम जॅम' सुरू झाली आणि निरनिराळ्या देशांतील तरुण एकाच शनिवार-रविवारी एकाच विषयावर कामाला बसू लागले. नवशिक्याने आरंभ येथे करावा. बक्षीस बहुधा नसते, पण काम पुरे करण्याची सवय लागते.

दुसरा प्रकार परीक्षकांच्या स्पर्धांचा. प्रवेशिका भरायची, डेमो पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची. अमेरिकेतील 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल' १९९८ पासून असे काम करीत आला आहे. त्याच्या सर्वोच्च पारितोषिकाला श्यूमस मॅकनॅली या तरुणाचे नाव आहे. २००० साली त्याने हे पारितोषिक मिळवले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला. आपल्याकडे अनेक वर्षे हैदराबादेत भरलेल्या गेम रचनाकारांच्या परिषदेत स्वतंत्र रचनाकारांसाठी दालन आणि पारितोषिके असत. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या 'वेव्हज' या शासकीय संमेलनातही निर्मितीच्या विविध स्पर्धा घेण्यात आल्या. बदलापूरहून लोकलने मुंबई गाठायला दीड तास पुरतो. म्हणजे हे जग आता आपल्यापासून फार दूर राहिलेले नाही.

तिसरा प्रकार जत्रेचा. 'स्टीम' या गेमच्या जागतिक बाजारपेठेत 'नेक्स्ट फेस्ट' नावाचा आठवडाभराचा मेळा वर्षातून तीनदा भरतो. शेकडो डेमो तेथे एकाच वेळी फुकट खेळायला मिळतात. परीक्षक नसतात, करंडक नसतो. लोकांची गर्दी हाच निकाल. एका गेमला या मेळ्यात एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे अपुऱ्या तयारीनिशी उतरणे परवडत नाही. शिवाय स्टीमवर गेम ठेवण्यासाठी दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. विद्यार्थ्याला ही रक्कम थोडी नाही.

कोणत्याही प्रकारात उतरण्यापूर्वी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. विशेषतः दोन गोष्टी पाहाव्यात. पाठवलेल्या कृतीचे हक्क आपल्याकडेच राहतात की आयोजकांकडे जातात ही एक. आणि वापरलेली चित्रे, ध्वनी, टंक यांची परवानगी आपल्यापाशी आहे की नाही ही दुसरी. मराठी अक्षरांबाबत आपण भाग्यवान आहोत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्ता', 'बालू' यांसारखे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता येतात.

एक घर, एक रात्र

आता माझ्या खेळाविषयी. बदलापूर गाव हे स्टेशनाभोवती वाढलेल्या आजच्या शहराच्या आधीचे, उल्हास नदीच्या बाजूचे जुने गाव. नदीशी आमचे नाते दोन प्रकारचे. आठ महिने ती निमूट असते आणि पावसाळ्यात घराघरांत तिचीच चर्चा असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना पाठ आहे. त्याच पावसात उल्हासकाठच्या वस्त्यांतही पाणी शिरले, हे मुंबईबाहेर राहणाऱ्यांनाच आठवते. पुढे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटी व हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सोडवावे लागले, तेव्हा आमच्या नदीचे नाव देशभर झाले.

२००५ चा पूर मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. ऐकताना एक गोष्ट सतत जाणवे. 'पाणी किती आले' हे सांगून माणसे लगेच 'आम्ही काय वर नेले' यावर येत. कोणी पहिल्यांदा काय उचलले, काय खाली राहिले आणि त्यावरून पुढे किती वर्षे घरात बोलणी झाली, याच्या हकिकती संपत नसत. माझी गेम या प्रश्नातून जन्मली. तिचे नाव 'पाणी चढतंय'.

रचना साधी आहे. एक खोली, एक शिडी, वर माळा. खेळणारा म्हणजे घरातली बारा वर्षांची मुलगी. खोलीत सोळा वस्तू आहेत: तांदळाचे पोते, टीव्ही, शिलाई मशीन, स्टोव्ह, देव्हाऱ्यातले टाक, कोंबड्यांची डालगी, दप्तर, अंथरुणे आणि कागदपत्रांचा पत्र्याचा डबा इत्यादी. पाणी शिरल्यापासून पाच मिनिटे मिळतात. कोरड्या जमिनीवर एक खेप पंचवीस सेकंदांत होते. पाणी गुडघ्याला लागले की चाल मंदावते. हिशेब असा बसवला आहे, की कितीही चपळाई केली तरी नऊ खेपांच्या वर जात नाहीत. सोळांतल्या सात वस्तू खाली राहणारच. काय राहू द्यायचे, हाच खेळ.

मूळ आराखड्यात तीन रात्री होत्या आणि तीन घरे होती. स्पर्धेसाठी मी एकच घर आणि एकच रात्र ठेवली. दहा मिनिटांची वाटणी अशी: दोन मिनिटे संध्याकाळ, पाच मिनिटे पाणी आणि तीन मिनिटे दुसरी सकाळ. ही सकाळ मला सर्वांत मोलाची वाटते. पाणी ओसरले आहे, चिखल उरला आहे आणि तलाठी पंचनाम्याला आले आहेत. ते एकेक प्रश्न विचारतात. रेशनकार्ड? घराचा उतारा? मुलीचा शाळेचा दाखला? खेळणाऱ्याने रात्री पत्र्याचा डबा वर नेला असेल तर ती मुलगी डबा उघडते. नसेल तर ती काही बोलत नाही आणि तलाठी कागदावर खाली पाहून लिहीत राहतात. गुण मोजणारा आकडा कोठेही दिसत नाही. रात्री केलेल्या निवडीचा अर्थ सकाळी कळतो आणि तेथेच पडदा पडतो. ही सकाळ नसती तर उरला असता तो नुसता ओझी वाहण्याचा खेळ.

पाठीमागे बसण्याची विद्या

नाटकाच्या तालमी असतात तशा डेमोच्या चाचण्या असतात. त्यांचा नियम एकच आणि तो पाळायला महाकठीण. खेळणाऱ्याच्या मागे वही घेऊन बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. 'अहो, शिडी उजवीकडे आहे' हे शब्द ओठांवर येतात, ते गिळायचे. कारण स्पर्धेत परीक्षक आपल्या खोलीत एकटाच खेळणार. त्याला समजावून सांगायला आपण तेथे नसू. जे बोलून दाखवावे लागते ते गेममध्ये नाही, असे समजावे.

या चाचण्यांनी मला जे दाखवले ते पुस्तकात मिळाले नसते. माझ्या वयाच्या बहुतेकांनी आधी टीव्ही उचलला, कारण तो सर्वांत महाग. काहींनी कोंबड्या उचलल्या, कारण त्या ओरडत होत्या. आमच्या आळीतल्या एक काकू मात्र संगणकासमोर प्रथमच बसल्या होत्या. बाणाच्या कळा समजून घ्यायला त्यांना वेळ लागला. पण पाणी उंबऱ्याला लागताच त्यांनी इकडेतिकडे न पाहता पत्र्याचा डबा उचलला, मग काडेपेटी आणि मेणबत्त्या, मग तांदूळ. टीव्हीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी २००५ ची रात्र काढलेली होती. खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, "कागद भिजले की माणूस पुन्हा सिद्ध करावा लागतो गं." माझ्या सगळ्या आराखड्याचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला. गेममध्ये हे वाक्य घालण्याचा मोह मी आवरला, कारण ते वाक्य ऐकून कळण्यापेक्षा डबा विसरून कळणे अधिक खरे.

शिडी आणि वेलांटी

थोडे तंत्राविषयी. गेम रचण्याची साधने आज विनामूल्य मिळतात. मी 'गोडो' हे साधन वापरले. अर्जेंटिनातील दोघांनी घडवलेले हे साधन २०१४ साली सर्वांसाठी मुक्त करण्यात आले. परंतु मराठीत गेम लिहू पाहणाऱ्याला त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक विचित्र अडचण येई. 'शिडी' हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी 'श' साठवला जातो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'श'च्या डावीकडे यायला हवी. ही अदलाबदल करणारी आणि जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणाच नसल्याने वेलांटी 'श'च्या उजवीकडे उभी राही आणि 'माळ्यावर'सारख्या शब्दातले जोडाक्षर फुटून जाई. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही यंत्रणा आली आणि देवनागरी सुस्थितीत उमटू लागली. आपल्या लिपीत गेम लिहिण्याची वाट अशा एका वेलांटीपाशी अडलेली होती, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी बाब वेगाची. चित्र सलग हलते आहे असे वाटावे म्हणून सेकंदाला साठ चित्रे काढली जातात. म्हणजे एका चित्रासाठी संगणकाला जेमतेम सोळा-सतरा सहस्रांश सेकंद मिळतात. भारी यंत्रावर हे सहज जमते. परीक्षकाकडे कोणते यंत्र असेल ते आपल्या हाती नाही. म्हणून आपल्या ओळखीतल्या सर्वांत जुन्या, सर्वांत कुरकुरणाऱ्या लॅपटॉपवर डेमो चालवून पाहावा. माझे पाणी आरंभी लाटांचे होते. जुन्या यंत्राला ते पेलेना, तेव्हा मी ते सपाट, गढूळ आणि संथ केले. पुराचे पाणी घरात असेच चढते, असे पाहणाऱ्यांनी नंतर सांगितले.

निकालानंतर

माझा डेमो एका स्पर्धेच्या पहिल्या फेरीतून पुढे गेला, अंतिम फेरीत पोचला नाही. परीक्षकांचा अभिप्राय थोडक्यात असा होता, की सकाळ परिणामकारक आहे पण संध्याकाळ संथ आहे. ज्यांनी तो सहज खेळून पाहिला त्यांच्या नोंदीही हेच सांगत होत्या. पुष्कळ जण पाणी येण्याआधीच उठले होते. पाणी आल्यावर उठणारा मात्र विरळा.

येथे प्रत्येक स्पर्धकापुढे जो प्रश्न येतो तो माझ्यापुढे आला. परीक्षकाला शेकडो डेमो पाहायचे असतात. पहिल्याच मिनिटात त्याला पकडावे, हे व्यवहाराचे सांगणे. पण संध्याकाळच्या त्या दोन मिनिटांत आई शिलाई मशीनवर बसलेली दिसते, आजी टाक पुसते, धाकटा भाऊ कोंबड्यांना दाणे टाकतो. वस्तू कोणाची आहे हे कळल्याशिवाय ती सोडताना जीव कसा तुटणार? ती मिनिटे कापली तर पकड येईल आणि ज्यासाठी पकडायचे तेच नाहीसे होईल. विचारांती मी संध्याकाळ तशीच ठेवली आणि तिच्या खाली, पहिल्या क्षणापासून, नदीचा आवाज घातला. सुरुवातीला तो पावसात मिसळून जातो, मग हळूहळू वेगळा ऐकू येतो. पुढच्या स्पर्धेत हा डेमो असाच जाणार आहे.

निकालाला किती मान द्यावा, हेही नाट्यस्पर्धांकडून शिकता येते. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक न देण्याचा निर्णय दिला. त्यावर बरीच चर्चा झाली. मात्र त्यामुळे महाविद्यालयांतल्या तालमी थांबल्या नाहीत. गेमच्या क्षेत्रात पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेचे उदाहरण मला धीर देते. त्यांच्या 'राजी' या गेमसाठी २०१७ साली लोकवर्गणीची मोहीम काढली गेली. लोकांना खेळायला डेमोही दिला होता. ठरलेली रक्कम जमली नाही आणि मोहीम फसली. तरीही काम चालू राहिले. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांची रीत यांतून उभी राहिलेली ती गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेतील 'गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचली. लोकवर्गणीचा निकाल हा त्या गेमचा निकाल ठरला नाही.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. गेमसाठी आज्ञावली लिहिणारा लागतो हे खरे, पण त्याच्याइतकीच गरज संवाद लिहिणाऱ्याची, घराच्या भिंतीवर कोणत्या सालची दिनदर्शिका असावी हे शोधणाऱ्याची आणि पावसाचा आवाज कौलांवर कसा असतो व पत्र्यावर कसा असतो हे ओळखणाऱ्याची असते. ही माणसे कला शाखेतच सापडतात. मराठी विभागाने कथा द्यावी, इतिहास विभागाने तपशील तपासावा, संगीताची आवड असणाऱ्यांनी ध्वनी घ्यावेत, आणि शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातून एखादा आज्ञावलीकार उसना आणावा. आपल्या स्नेहसंमेलनात एकांकिकांना एक संध्याकाळ असते. तिच्या शेजारी दोन टेबले आणि दोन संगणक मांडायला फारशी जागा लागणार नाही. प्राध्यापकवर्गाने हे मनावर घ्यावे एवढीच विनंती. टेबलामागे वही घेऊन गप्प बसण्याचे काम मी आनंदाने करीन.